नोंदीबाहेरचे अस्तित्व : एका श्राव्यनाट्यमालेच्या निमित्ताने

एखाद्या विस्तीर्ण कथाविश्वाला फुटलेल्या शाखाकृतीत जे घडते, ते त्या विश्वात 'खरोखर' घडले असे मानावयाचे की नाही, हा प्रश्न वरकरणी संहितेच्या प्रामाण्याचा, जवळजवळ कारकुनी स्वरूपाचा वाटतो. मूळ कृती प्रमाण आणि तिच्याबाहेरचे ते गौण, असा निवाडा देऊन तो मिटवताही येतो. परंतु शाखाकृतीतील पात्राने दुःख भोगलेले असते, कोणीतरी त्याला वाचवलेले असते आणि त्याची किंमतही मोजलेली असते. ते सारे जमेस धरावयाचे नाही असे म्हणताच निवाडा नैतिक होतो. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेतून निघालेल्या श्राव्यनाट्यांत हा प्रश्न विशेष टोकदार होतो, कारण तेथे तो नाटकांच्या आशयातच उतरला आहे.

१९६३ साली दूरचित्रवाणीवर सुरू झालेली ही मालिका १९८९ मध्ये थांबली. काळातून प्रवास करणारा आणि मरणसमयी नवे शरीर धारण करणारा तिचा नायक, 'डॉक्टर', १९९६ मधील एका दूरचित्रवाणीपटात पॉल मॅकगॅन या नटाच्या रूपाने अवतरला. त्यापुढे मालिका मात्र निघाली नाही. बिग फिनिश या निर्मितीसंस्थेने १९९९ पासून परवाना घेऊन श्राव्यनाट्ये काढली आणि २००१ साली ॲलन बार्न्स यांच्या 'स्टॉर्म वॉर्निंग'मध्ये मॅकगॅनच्या डॉक्टरला पुन्हा वाचा फुटली. २००५ मध्ये मालिका पडद्यावर परतली ती दुसऱ्या नटासह. मॅकगॅनच्या डॉक्टरचे अभिनित आयुष्य ते बहुतांशी ध्वनीतच राहिले.

'स्टॉर्म वॉर्निंग' घडते आर-१०१ या ब्रिटिश हवाईजहाजावर. कराचीस निघालेले हे जहाज ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समधील बोव्हेजवळ कोसळले. ५४ जणांपैकी ४८ दगावले. साम्राज्याची दोन टोके आकाशमार्गे जोडण्याची आकांक्षा त्या आगीत संपली. नाटककाराने या खऱ्या अपघातात चार्ली पोलार्ड ही चोरून प्रवास करणारी कल्पित तरुणी घातली आहे. इतिहासाप्रमाणे तिने इतरांबरोबर मरावयास हवे. डॉक्टर तिला वाचवतो. त्यामुळे काळाची वीण उसवते आणि पुढील अनेक नाटके त्या उसवणीचा हिशेब मांडत राहतात.

एकीलाच का वाचवावे? समदृष्टीच्या कोणत्याही तत्त्वावर या कृतीचे समर्थन होत नाही. डॉक्टर तिला वाचवतो, कारण तो तिच्याशी बोललेला आहे. हे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने दुबळे, पण माध्यमाच्या दृष्टीने विलक्षण समर्पक कारण आहे. पडद्यावर न बोलणारी व्यक्तीही दिसत राहते. श्राव्यनाट्यात जो बोलत नाही, ज्याच्याविषयी कोणी बोलत नाही, तो नसतोच. श्रोत्यापुरते चार्लीला वाचवणे म्हणजे इंडिया फिशर या अभिनेत्रीचा आवाज पुढे चालू राहणे. आणि डॉक्टरच्या पक्षपातात श्रोताही सामील झालेला असतो. प्रत्यक्षात मेलेल्या माणसांच्या पार्श्वभूमीवर एका कल्पितेच्या सुटकेचा आनंद मानण्यात जे अवघडलेपण आहे, ते नाटक पुरते झटकत नाही, ही त्याची जमेची बाजू. खऱ्या हवाईमंत्र्याच्या जागी तेथे कल्पित नावाचा मंत्री येतो. यात संकोच किती आणि सोय किती, हे सांगणे कठीण.

२००२ च्या 'नेव्हरलँड'मध्ये बार्न्स हाच धागा शेवटास नेतात. काळाचे रक्षक म्हणवणाऱ्या डॉक्टरच्या ज्ञातिबांधवांनी काही अपराध्यांना देहदंडाहून भयंकर शिक्षा दिलेली आहे : त्यांचे असणेच इतिहासातून पुसले आहे. चार्ली नोंदीविरुद्ध जगते आहे, तर यांची नोंदच उरलेली नाही. श्राव्यनाट्यमालेची स्वतःची अवस्थाही अशीच होती. ती परवानाधारक होती, पण मुख्य कथेने तिची दखल घेण्याचे बंधन नव्हते. आपल्याकडील 'प्रक्षिप्त' ही संज्ञा येथे लावण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. प्रक्षेपकार आपली भर मूळ म्हणून खपवतो; येथे वेगळेपण वेष्टनावरच छापलेले असते. परवान्यामागे व्यापार होता हेही खरे. मात्र व्यापारी हेतूने कृती निर्माण का झाली हे कळते. तिच्यातील दुःख जमेस धरावे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

१४ नोव्हेंबर २०१३ रोजी बीबीसीने 'द नाइट ऑफ द डॉक्टर' हे सुमारे सात मिनिटांचे लघुप्रकरण प्रसृत केले. त्यात मॅकगॅनचा डॉक्टर देह सोडण्यापूर्वी पाच सहप्रवाशांची नावे उच्चारतो : चार्ली, क्रिझ, ल्यूसी, टॅमसिन, मॉली. पाचही श्राव्यनाट्यांतली. अनेक चाहत्यांनी याचा अर्थ अधिमान्यता मिळाली असा घेतला. या समजात गफलत आहे. त्या दिवसापूर्वी चार्लीचे जगणे खोटे होते आणि नंतर खरे झाले, असे म्हणणे म्हणजे पुसून टाकणाऱ्या रक्षकांचाच कायदा मान्य करणे होय. संस्थेने अस्तित्व बहाल केले, या वर्णनापेक्षा मरणाऱ्या माणसाने आपले ऋण बोलून दाखवले, हे वर्णन त्या प्रसंगाला अधिक शोभते. ऋण आधीचे होते. उच्चार मागाहून झाला.

तरीही त्या उच्चारात एक उणीव राहते. २००९ च्या 'ब्लू फरगॉटन प्लॅनेट' या श्राव्यनाट्यात चार्लीची गाठ डॉक्टरच्या पूर्वीच्या एका रूपाशी पडलेली असते. काळाचा क्रम बिघडू नये म्हणून त्याच्या स्मृतीत तिच्या जागी दुसरीच स्त्री बसवली जाते. म्हणजे डॉक्टरने मरताना घेतलेल्या नावामागे तिचे अर्धेच आयुष्य उभे आहे. उरलेले त्याला ठाऊकच नाही, ते केवळ श्रोत्यापाशी आहे. शिवाय त्या सात मिनिटांत चार्लीचे नाव येते, आवाज येत नाही. जी केवळ आवाजानेच घडली होती, तिचा मुख्य कथेतील प्रवेश दुसऱ्याच्या तोंडून, मृत्युलेखाच्या सुरात झाला.