डोळे कोरडे का राहतात?

संध्याकाळी सात ते दहा या वेळेत आपल्या बहुतेक घरांत दूरचित्रवाणीवर कोणीतरी रडत असते. सून रडते, सासू रडते, घर सोडून निघालेला मुलगा उंबऱ्यात थांबून रडतो. समोर बसलेली मंडळी मात्र शेंगा सोलत असतात, जाहिरात लागली की उठून गॅस बंद करून येतात. पडद्यावर एवढे अश्रू, आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला ओल नाही. याच घरातली माणसे सप्ताहात गोरोबाकाकांचे चरित्र ऐकताना पदराने, उपरण्याने डोळे टिपतात. हे असे का व्हावे?

प्रश्न करमणुकीचा वाटतो, पण तो परमार्थाचाही आहे. अंतःकरण द्रवणे ही भक्तीची खूण आपल्या संतांनी मानली. अश्रू, रोमांच, कंप, कंठ दाटून येणे हे अष्टसात्त्विक भावांपैकीच आहेत. ज्या अंतःकरणात देव यावा अशी आपली इच्छा, तेच अंतःकरण रोज दोन तास कोरडे राहण्याचा सराव करत असेल, तर त्याची चौकशी करायला हवी.

पहिले उत्तर सहज सुचते. मालिका खोटी, नट खोटे, म्हणून रडू येत नाही. पण हे पुरत नाही. मालिकांतले कितीतरी कलावंत उत्तम आहेत. भावांची वाटणी, मुलीचे मोडलेले लग्न, म्हाताऱ्या आईची आबाळ हे प्रसंगही आपल्याच गल्लीतले असतात. दुसरे उत्तर असे, की पुढे काय होणार ते आधीच कळते, म्हणून गोडी जाते. हेही टिकत नाही. चिखल तुडवता तुडवता विठ्ठलनामात देहभान हरपलेल्या गोरोबांच्या पायाखाली त्यांचे मूल आले, ही कथा फडावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तरी बुवा तिथपर्यंत आले की मंडप स्तब्ध होतो. शेवट माहीत असल्याने गहिवर अडत नाही, उलट तो तेव्हाच मोकळा होतो.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धन नावाचे थोर आचार्य होऊन गेले. त्यांनी 'ध्वन्यालोक' या ग्रंथात रसाची हानी कशाने होते ते सांगितले आहे. त्यांतला एक दोष असा, की जो रस एकदा पूर्ण फुलला, त्यालाच पुन्हा पुन्हा चेतवत राहणे. असा वारंवार हाताळलेला रस कोमेजलेल्या फुलासारखा होतो, असे ते म्हणतात. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा हा विचार रोजच्या मालिकेला नेमका लागू पडतो. एका थोबाडीत मारण्याचा आवाज तीनदा ऐकवायचा, घरातल्या प्रत्येकाचा चेहरा एकेकदा दाखवायचा, तेच दुःख उद्या पुन्हा उगाळायचे. पाहणाऱ्याच्या मनात कळ उठण्याआधीच पात्र रडून मोकळे होते आणि आता दुःखी व्हा म्हणून संगीत हुकूम सोडते. मग पाहणाऱ्याला करायला काहीच उरत नाही.

याच्या उलट उदाहरणही दूरचित्रवाणीवरचेच आहे. रामानंद सागर यांचे 'रामायण' २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी लागत असे. लोक आंघोळ करून बसत, संचाला हार घालत, गावातले रस्ते ओस पडत. त्या वेळी बहुतेक ठिकाणी दुसरी वाहिनी नव्हती, हे खरे. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत तेच रामायण पुन्हा दाखवले, तेव्हा वाहिन्या शेकड्यांनी होत्या आणि ती जुनी दृश्ये आजच्या डोळ्याला भाबडी दिसत होती. तरी घरोघरी लोक पाहत बसले. मधल्या काळात, २००८ साली, सागर यांच्याच संस्थेने रामायण नव्याने केले. तंत्र पुढे गेलेले, रंग अधिक झळझळीत. तेही पाहिले गेले, पण त्यासाठी संचाला हार घातले गेले नाहीत.

पहिल्या रामायणातली भरतभेट अनेकांना आजही आठवते. भरताची भूमिका संजय जोग या मराठी नटाने केली होती. त्या प्रसंगात भांडण आहे, पण ते कसले? राम म्हणतो राज्य तुझे, भरत म्हणतो राज्य तुझे. दोघेही सोडायला निघालेले. शेवटी सिंहासनावर पादुका ठेवल्या जातात आणि भरत नंदिग्रामात चौदा वर्षे वल्कले नेसून राहतो. आता रोजच्या मालिकेतले भांडण आठवा. तिथेही दोन भाऊ असतात, राज्याऐवजी कंपनी किंवा वाडा असतो, पण प्रत्येकाला तो हवा असतो. अश्रू येतात ते गमावल्याचे. दुसऱ्याची वस्तू गेली म्हणून आपल्याला फार तर हळहळ वाटते. कोणी आपण होऊन काही सोडले, तर मात्र आपल्यातलाही 'मी' क्षणभर सैल होतो. अंतःकरण द्रवते ते तिथे.

पण सगळा दोष मालिकेवर टाकून चालणार नाही. ऐकणाऱ्याकडेही पाहिले पाहिजे. भगवद्गीतेत एकाच ठिकाणी बसून दोघांनी एकच संवाद ऐकला, असे म्हणायला हरकत नाही. संजय सांगत होता आणि धृतराष्ट्र ऐकत होता. अठराव्या अध्यायाच्या शेवटी संजयाच्या अंगावर रोमांच उभे आहेत, तो संवाद आठवून आठवून त्याला पुन्हा पुन्हा हर्ष होतो. धृतराष्ट्र मात्र कोरडाच. माउलींनी ज्ञानेश्वरीत हा भेद फार हळुवारपणे उलगडला आहे. राजाला त्या सुखाची चवच नाही. त्याला एवढेच हवे आहे, की जय कोणाचा होणार? पुढे काय?

'पुढे काय?' हा धृतराष्ट्राचा प्रश्न आहे, आणि मालिकेचा प्रत्येक भाग याच प्रश्नावर संपतो. दार उघडते, कोणीतरी आत येते, चेहरा दिसण्याआधी भाग संपतो. आपल्याला उद्या पुन्हा बसवायचे, एवढाच त्याचा हेतू. उत्सुकता वाईट नव्हे, पण ती मनाला पुढे ओढते. गहिवराला मनाने थांबावे लागते. ज्याचे लक्ष निकालावर आहे, त्याला समोरच्याचे दुःख हा केवळ वाटेतला टप्पा असतो.

इथे कोणी विचारील, की पुन्हा पुन्हा केल्याने फूल कोमेजते, तर आपण रोज तोच हरिपाठ म्हणतो, तेच नाम घेतो, दरवर्षी त्याच वाटेने त्याच मुक्कामांवरून पंढरीला जातो, ते कसे कोमेजत नाही? याचे उत्तर वारीतच आहे. वेळापूरला पोहोचण्याआधी माउलींच्या सोहळ्यात धावा होतो. पंढरी जवळ आली म्हणून वारकरी उतारावरून धावत सुटतात. वीस वर्षे धावलेल्याला पुढे काय आहे ते पाठ असते. तरी त्याचा कंठ दाटतो, कारण तो पाहणारा नाही, धावणारा आहे. मालिकेत प्रसंग आपल्यासमोर घडतात आणि आपण होतो तिथेच बसून राहतो. वारीत वाट तीच असते आणि चालणारा बदलून आलेला असतो. गेल्या साली शेजारी टाळ धरणारे वडील यंदा नसतात. यंदा कर्ज फिटलेले असते, किंवा फिटलेले नसते. तेच चरण तो या वर्षीच्या आयुष्यासकट म्हणतो. कीर्तनातही नुसता श्रोता कोणी नसतो. ध्रुपद सगळ्यांनी धरायचे, टाळी सगळ्यांनी वाजवायची. आलेला भाव हाताला, पायाला, कंठाला वाट मिळून वाहता राहतो.

म्हणून काळजीची गोष्ट मालिका आपल्याला रडवत नाही ही नव्हे. रडणारे माणूस समोर असताना आपण स्वस्थ बसू शकतो, ही सवय अंगवळणी पडते, ही आहे. पडद्यावरच्या रडणाऱ्याला पाणी नेऊन देता येत नाही, त्यात आपला दोष नाही. पण तीच नजर घेऊन आपण घरात वावरू लागलो, तर माजघरातून हाक मारणारी आजी आणि शेजारचे नापिकीने खचलेले घर हेही एक दृश्य होऊन बसते. आपण विचारतो, 'मग पुढे काय झाले हो?' आणि ऐकून घरी येतो.

हे लोण आपल्या कीर्तनापर्यंतही आले आहे, हे मान्य केले पाहिजे. तासा-दोन तासांच्या निरूपणातला एका मिनिटाचा हशा किंवा एका मिनिटाचा हुंदका कापून भ्रमणध्वनीवर फिरतो. आपण तो पाहतो, बोटाने वर सरकवतो, लगेच दुसरा येतो. मंडपात न जाता, टाळी न वाजवता, अंगठ्याने ऐकलेले कीर्तन ही मालिकाच झाली. बुवाही मग त्या एका मिनिटासाठी बोलू लागतात.

मालिका पाहूच नका, असे सांगण्याचा हा खटाटोप नाही. दिवसभर शेतात, चुलीपुढे राबलेल्या माणसाला विरंगुळा हवा असतो. पण दिवेलागणीला हरिपाठाची वेळ तेवढी तिच्यापासून राखावी, आणि तो घरातल्या सगळ्यांनी तोंडाने म्हणावा. दुसरे असे, की कोणाचे दुःख कानावर आले, तर 'पुढे काय झाले' हे विचारण्याआधी 'मी काय करू' हे विचारावे. तांब्याभर पाणी द्यावे, घटकाभर जवळ बसावे. हाताला असे काम मिळाले, की आटलेल्या डोळ्यांना पाझर फुटायला वेळ लागत नाही.

रामकृष्णहरि.