प्रवेश मिळाला, अधिकार राहिला

मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ मध्ये. पदवी परीक्षा स्त्रियांना खुल्या झाल्या १८८३ मध्ये, आणि त्याच दशकाच्या अखेरीस पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर ठरल्या. स्नेहलता देशमुख यांच्या रूपाने पहिली महिला कुलगुरू लाभायला मात्र १९९५ साल उजाडावे लागले. पहिल्या स्त्रियांची नावे आपण अभिमानाने घेतो. दोन नावांमधल्या या शंभराहून अधिक वर्षांकडे फारसे पाहत नाही. स्त्री शिकू शकते, हे विद्यापीठांनी तुलनेने लवकर मानले. शिकलेल्या स्त्रीचा विद्यापीठावर हक्क पोचतो, हे मानायला त्यांनी फार वेळ घेतला.

सोराबजींचीच वाटचाल पाहावी. परीक्षेत त्या अव्वल आल्या, पण विलायतेतील शिक्षणासाठीची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून नाकारली गेली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारख्या हितचिंतकांनी निधी उभारला, तेव्हा त्या ऑक्सफर्डला गेल्या. तिथे १८९२ मध्ये कायद्याच्या बीसीएल परीक्षेला बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. परीक्षा दिली, पण पदवी नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे सुरू केले ते १९२० मध्ये. उत्तरपत्रिका तपासायची आणि तिचे फळ अडवून धरायचे, यात कोणता शैक्षणिक निकष होता? बुद्धीची कसोटी तर विद्यापीठाने स्वतःच घेतली होती.

काळच तसा होता, मुलींचे प्राथमिक शिक्षणच नव्हते, मग विद्यापीठाला दोष का द्यावा, असे कोणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्य आहे; शाळाच नसतील तर महाविद्यालयात मुली येणार कुठून? पण ‘काळ’ सर्वांसाठी सारखा नव्हता. लंडन आणि कलकत्ता विद्यापीठांनी १८७८ मध्येच दार उघडले होते. आणि पुण्यात, मुंबई विद्यापीठ जन्माला येण्याच्या दोन वर्षे आधी, फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला होता. धर्माला आणि सत्तेला थेट प्रश्न विचारणारे ते लेखन आहे. तयारी कोणाची नव्हती, हे मग वेगळे सांगायला नको.

१९१६ मध्ये महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा विचाराने वळण घेतले. स्त्रीने विद्यापीठाला साजेसे व्हावे, ही अपेक्षा बाजूला ठेवून विद्यापीठानेच तिच्यासाठी बदलावे, असे त्यांनी ठरवले: मातृभाषेतून शिक्षण, घरसंसाराला उपयोगी विषय. वेगळ्या अभ्यासक्रमाने स्त्रिया पुन्हा घरातच अडकतील, हा आक्षेप मला आजही रास्त वाटतो. तरीही मातृभाषेचा आग्रह काळाच्या पुढचा होता.

प्रयोगशाळेचे दार त्याहून जड निघाले. मुंबईतून रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर; वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, ही त्यातली एक. वर्षानंतर त्यांच्या कामाने रामन यांचे मत बदलले आणि इतर स्त्रियांची वाट मोकळी झाली. याला कोणी व्यवस्थेचा उदारपणा म्हणेल. मला मात्र त्यात एका तरुणीवर लादलेले ओझे दिसते: तिचे अपयश साऱ्या स्त्रीजातीच्या नावावर लिहिले गेले असते. तिच्या वर्गमित्रांपैकी कोणालाही साऱ्या पुरुषजातीच्या वतीने परीक्षा द्यावी लागली नाही.

एक आक्षेप अधिक गंभीर आहे. या बहुतेक स्त्रिया सुशिक्षित, पाठबळ असलेल्या घरांतल्या. त्यांच्या गौरवात इतर जणी झाकल्या जातात. हे खरे आहे, आणि त्याचे उत्तर गौरव कमी करण्यात नाही. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. ज्या बाईला विद्यापीठाची पायरी चढायची संधीच नव्हती, तिचे नाव त्या संस्थेने धारण केले, ही मोठी गोष्ट आहे. आता मुक्ताच्या समाजातली पहिली पदवीधर कोण, पहिली प्राध्यापक कोण, हेही विद्यापीठांनी आपल्या दप्तरांतून शोधून त्याच यादीत लिहावे.