आधी हाताने दोन फेरे

खंबाटकीचा घाट चढताना गुरुजींची जुनी डिझेल इंडिका एकाएकी बंद पडली. ना धूर, ना आधी कसली कुरकुर. गुरुजींनी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, पण नेहमीसारखं दमून नाही, अगदी मोकळं फिरलं. त्यांनी पुन्हा सेल्फ मारला, मग पुन्हा. बॅटरी मान टाकेपर्यंत ते चावी फिरवत राहिले. अखेर एका टेम्पोने गाडी ओढत घाट उतरवून सुरूर फाट्याजवळच्या गॅरेजात आणली.

मिस्त्रींनी इंजिनाच्या बाजूचं कव्हर काढलं. आत टायमिंग बेल्ट तुटून पडला होता, त्याचे दोरे पिंजल्यासारखे सुटले होते.

“पण कालपर्यंत काही आवाज नव्हता हो,” गुरुजी म्हणाले.

“साखळी सैल झाली की खडखडते, गुरुजी. बेल्ट रबराचा, तो बहुतेक गुपचूपच तुटतो. म्हणून त्याचे किलोमीटर मोजायचे आणि वर्षंही मोजायची. गाडी नुसती उभी असली तरी रबर कडक होतंच. हा कधी बदलला होता?”

गुरुजींना आठवेना. गाडी त्यांनी जुनीच घेतली होती आणि हा प्रश्न कधी कुणाला विचारला नव्हता.

हेड खोललं तेव्हा आठांपैकी पाच व्हॉल्व वाकलेले निघाले. मिस्त्रींनी एक व्हॉल्व गुरुजींच्या हातावर ठेवला. “खाली क्रँक, वर कॅम, आणि दोघांना बांधून ठेवणारा हा बेल्ट. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. क्रँक मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि पिस्टन वर यायच्या आत बाजूला होतो. डिझेलमध्ये पिस्टन वर आला की हेडशी जेमतेम फट उरते. बेल्ट तुटला की कॅम थांबतो आणि उघडे राहिलेले व्हॉल्व पिस्टनच्या वाटेत येतात. त्यावर तुम्ही सेल्फ मारत राहिलात. तुटताना किती घाव बसले आणि नंतर किती, हे आता कुणी सांगू शकणार नाही.”

गुरुजी काही बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी काम संपत आलं. लेथवाल्याकडून हेड आलं. नवे व्हॉल्व, नवं पॅकिंग, नवा बेल्ट आणि त्याबरोबर नवा टेन्शनरही बसला. दुसऱ्या दिवशी साताऱ्यात गुरुजींच्या नातीचा साखरपुडा होता. ते स्टुलावर बसून सारखे घड्याळ बघत होते. हाताखालच्या पोराने ते पाहिलं, भरभर बेल्ट चढवला, टेन्शनर आवळला आणि चावीसाठी हात पुढे केला.

“चावी राहू दे,” मिस्त्री म्हणाले. “पाना घे. आधी हाताने दोन फेरे.”

“वस्ताद, खुणा बघूनच बसवलाय. गुरुजींना उशीर होतोय.”

“म्हणूनच फिरव.”

पोराने क्रँकच्या बोल्टवर पाना लावला. एक फेरा पुरा झाला. दुसरा अर्ध्यात आला आणि पाना अडला. पोराने खांदा लावला, पाना हलेना. तो उठला आणि पान्यावर चढवायला लोखंडी पाइप घेऊन आला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला.

“ठेव तो पाइप. आधी सांग, हाताला काय लागलं?”

“घट्ट लागलं.”

“घट्ट दोन तऱ्हेचं असतं. आत हवेचा दाब असेल तर हाताला लवचीक लागतं, जरा धीर धरला की आपोआप सुटतं. लोखंडाला लोखंड भिडलं असेल तर दगडासारखं टणक लागतं. हे कसं होतं?”

पोराने डोळे मिटून पाना पुन्हा हलकेच दाबला. “टणक,” तो हळूच म्हणाला.

“हाताला हे कळतं, म्हणून हात थांबतो. सेल्फला कळत नाही. आता चावी मारली असतीस तर चार दिवसांचं काम एका क्षणात गेलं असतं.”

बेल्ट उतरवला. टेन्शनर आवळताना कॅमची पुली दोन दात सरकली होती. मिस्त्रींनी चारही पिस्टन मधोमध येतील इतका क्रँक मागे घेतला, मग कॅम खुणेवर आणला, मग क्रँक खुणेवर आणला आणि बेल्ट पुन्हा चढवला. पोराने पाना फिरवला. एक फेरा. दोन फेरे. सगळ्या खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. तेव्हाच मिस्त्रींनी चावी त्याच्या हातात दिली. पहिल्याच सेल्फला इंजिन बोलू लागलं.

पैसे देताना गुरुजी थबकले. “मिस्त्री, मी पस्तीस वर्षं वर्गात गणित शिकवलं. एखादं पोर अडलं की मी आवाज चढवायचो. तरी नाही आलं तर छडी. पान्याला पाइपच लावत होतो म्हणायचं. कुठं अडलंस, हाताला काय लागतंय, हे कधी विचारलं नाही. घाटातही तेच केलं.”

मिस्त्रींनी कव्हरावर खडूने तारीख आणि किलोमीटर लिहिले. पोरगा पाना पुसत उभा होता. गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “बाळा, आज तू मला एक धडा दिलास. अडलं की जोर वाढवायचा नाही. थांबायचं, खुणेपाशी परत यायचं आणि चूक कुठं झाली ते बघायचं.”

गाडी रस्त्याला लागली. पोराने लोखंडी पाइप उचलला आणि कोपऱ्यात, सहज हाताशी येणार नाही अशा जागी ठेवून दिला.