मधल्या फेऱ्या

दहा हजार मीटरची शर्यत टीव्हीवर पाहताना एक गोष्ट लक्षात येते. सुरुवात दाखवतात, पहिल्या एक-दोन फेऱ्या दाखवतात आणि मग कॅमेरा लांब उडीकडे नाहीतर भालाफेकीकडे वळतो. तो परत येतो तेव्हा शर्यत संपत आलेली असते. शेवटच्या फेरीची घंटा वाजते, लोक उठून ओरडू लागतात. चारशे मीटरच्या ट्रॅकवर या शर्यतीच्या २५ फेऱ्या होतात. त्यातल्या मधल्या बऱ्याचशा कुणी बघतच नाही. पळणारी मात्र तेव्हाही तेवढ्याच नेटानं पळत असते.

कविता राऊत पळाली ती हीच शर्यत. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ सावरपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे, तिथली ही लेक. लहानपणी पाणी आणायला लांब जावं लागे. शाळेच्या शर्यती ती अनवाणी पळाली. पुढे नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली तयार झाली आणि लोक तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणू लागले. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तिथं सुवर्ण मिळालं ते केरळच्या प्रीजा श्रीधरनला. दोघी जवळजवळ बत्तीस मिनिटं पळाल्या आणि दोघींमध्ये अंतर राहिलं एका सेकंदाहूनही कमी! असा शेवट पाहिला की सगळं शेवटच्या फेरीतच ठरलं असं वाटतं. पण त्या फेरीत जोर लावायचा तर तोवर पुढच्यांच्या सोबत टिकून राहावं लागतं. बाराव्या-तेराव्या फेरीत चार पावलं मागं पडलं तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. पुढे तीच चार पावलं भरून काढताना जीव मेटाकुटीला येतो.

रोजच्या कामालाही अशा मधल्या फेऱ्या असतात. पैठण रस्त्यावर आमच्या चितेगावला सकाळी कंपनीच्या गाड्यांची वाट बघत माणसं उभी असतात. डबा हातात, अंघोळ झालेली, चेहरे ताजे. शिफ्टचा पहिला तास हां हां म्हणता जातो. शेवटचाही जातो, कारण घर दिसू लागतं. रेंगाळते ती दुपार. घरातही तेच. सासूबाईंचं ऑपरेशन झालं की पहिल्या आठवड्यात पाहुणे फळं घेऊन येतात. त्या हिंडू-फिरू लागल्या की पुन्हा सगळे कौतुकाला येतात. मधले दोन महिने रात्री आठची गोळी आठवणीनं देणारी, पाठ शेकून देणारी सून कुणाला दिसत नाही. मला तिचं फार मोल वाटतं. ती गोळी साडेआठला दिली असती तरी कुणी विचारलं नसतं, पण ती आठलाच देते.

कविताला २०१२ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिनं मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकलं आणि त्याच वर्षी ती रिओ ऑलिंपिकला गेली. तिथं पदकाच्या आसपासही ती नव्हती, बरीच मागं राहिली. तरी ४२ किलोमीटर तिनं पुरे केले. मला पदकांइतकंच तेही आवडतं. आज दुपारी दोनच्या सुमारास तुमचीही मधली फेरी येईल, अंग जड होईल, घड्याळाचा काटा हलत नाही असं वाटेल. तेव्हा तोंडावर गार पाणी मारा, दोन घोट प्या, आणि सुट्टीला किती वेळ उरलाय ते न मोजता हातातलं काम सकाळच्याच निगुतीनं करा.