दुरुस्त गाडी आणि अवयवीचा प्रश्न

मागून धडक बसलेली किंवा घसरत जाऊन मागचे चाक रस्त्याच्या दगडी कडेवर आदळलेली मोटार दुरुस्त होऊन गॅरेजबाहेर पडते तेव्हा ती तीच गाडी असते का, हा प्रश्न वरवर पाहता विमा कंपनीला किंवा जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यालाच पडावा असा वाटतो. परंतु भारतीय दर्शनांनी शतकानुशतके ज्यावर वाद घातला त्या अवयव आणि अवयवी यांच्या संबंधाच्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे. अवयव म्हणजे घटक भाग आणि अवयवी म्हणजे त्या भागांनी बनलेली समग्र वस्तू. अशी समग्र वस्तू भागांहून वेगळी खरोखर असते, की भागांच्या समूहालाच व्यवहारासाठी एक नाव दिलेले असते, याविषयी नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, आणि बौद्ध यांच्यात टोकाचा मतभेद होता. मागच्या सस्पेन्शनची दुरुस्ती त्या मतभेदाची फार चांगली परीक्षा घेते, कारण येथे पुष्कळदा एकही भाग तुटलेला नसताना गाडी बिघडलेली असते.

बौद्ध पक्षाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण वाहनाचेच आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील इंडो-ग्रीक राजा मिनँडर. नागसेन स्थविरांच्या भेटीला तो रथात बसून येतो, आणि नागसेन त्याला विचारतात की रथाची दांडी म्हणजे रथ आहे का, आस म्हणजे रथ आहे का, चाके, सांगाडा, जू, लगाम म्हणजे रथ आहे का. राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, हे सगळे एकत्र म्हणजे रथ का याचेही उत्तर नाही असेच देतो, आणि यांच्याहून वेगळा असा रथही त्याला दाखवता येत नाही. शेवटी त्याला मान्य करावे लागते की या भागांच्या आश्रयाने ‘रथ’ ही केवळ प्रज्ञप्ती, म्हणजे व्यवहारासाठी केलेले नामकरण, होते. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे नाव मिळाले, त्यामुळे महाराष्ट्रात हा संवाद पोथीपुरता उरलेला नाही.

न्यायदर्शनाने याला दिलेले उत्तर तितकेच ठोस आहे. अवयवी मानला नाही तर कोणतीही वस्तू एक म्हणून जाणता येणार नाही, हा त्याचा पहिला युक्तिवाद. दुसरा असा की एक भाग धरून ओढला असता सगळी वस्तू ओढली जाते, आणि नुसत्या समूहाच्या बाबतीत हे घडत नाही. बंद पडलेल्या गाडीला पुढच्या हुकात दोर अडकवून ओढले तरी मागचे दिवेही बरोबर येतात, हे या युक्तिवादाचे आजचे रूप म्हणता येईल. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यातच त्यावर आक्षेप नोंदलेला आहे की असे ओढले जाणे भागांच्या घट्ट चिकटण्यामुळेही घडू शकते, आणि हा आक्षेप हलका नाही. तरीही न्यायाच्या मांडणीत एक अधिक सूक्ष्म कल्पना आहे, जिच्याकडे या वादात पुरेसे लक्ष जात नाही. ती म्हणजे आकृती, आणि भाष्यानुसार आकृती म्हणजे अवयवांचा नियत व्यूह: कोणता भाग कोणत्या भागाशी कोणत्या ठरलेल्या रचनेत उभा आहे, ती रचना. अपघातात मोडतो तो बहुधा हा व्यूह.

लहान मोटारींच्या मागे बहुधा टॉर्शन बीम असतो. हा पोलादाचा आडवा बीम दोन्ही मागच्या चाकांना जोडतो आणि रस्त्यातील उंचसखलपणाप्रमाणे स्वतः थोडा पिळला जातो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भुजा रबरी बुशांच्या आधाराने गाडीच्या अंगाला बोल्टने बसवलेल्या असतात, आणि स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बर वरचे वजन आणि उसळी सांभाळतात. चाकाला बाजूने जोराचा मार बसला की बीम किंवा त्याच्या टोकाचा हब काही मिलिमीटर वाकतो, आणि हे वाकणे डोळ्यांना दिसत नाही. ते चाकाच्या दोन कोनांतून कळते. उभ्या रेषेशी चाकाचा जो कल असतो तो कॅम्बर, आणि वरून पाहिले असता चाकाचे पुढचे टोक आत किंवा बाहेर जितके वळलेले असते तो टो. मागच्या दोन्ही चाकांचा टो मिळून मागचा एक्सल गाडीला ज्या दिशेने ढकलतो ती दिशा ठरते, आणि ती गाडीच्या मध्यरेषेशी जो कोन करते त्याला थ्रस्ट अँगल म्हणतात.

हे कोन किती लहान असतात आणि त्यांचा परिणाम किती मोठा असतो, हे आकड्यांवरून पाहावे. टायरचा व्यास 600 मिलिमीटर धरला तर त्याच्या पुढच्या व मागच्या टोकांत 1 मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे 0.1 अंशाचा टो. एवढ्यानेही ते चाक प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे पावणेदोन मीटर आडवे घासले जाते. थ्रस्ट अँगल 1 अंश झाला आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर अडीच मीटर असले, तर मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेपासून सुमारे 44 मिलिमीटर बाजूला सरकून धावतात. अशा गाडीच्या टायरवर आडवा हात फिरवला तर एका दिशेने तो गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने खरखरीत. धूर पाहून अग्नी जाणावा हे अनुमानाचे शास्त्रप्रसिद्ध उदाहरण आहे. येथे तळहाताला लागणारा खरखरीतपणा हे लिंग, म्हणजे अनुमानाची खूण, आणि वाकलेला बीम हे साध्य, म्हणजे त्या खुणेवरून जे सिद्ध करायचे ते.

प्रश्न खरा गंभीर होतो तो अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे हे कोन जुळवण्याच्या, वेळी. चारही चाकांची मापे घेताना मागची आधी तपासावी, कारण पुढची चाके मागच्या थ्रस्टच्या रेषेशी जुळवायची असतात. परंतु टॉर्शन बीमच्या पुष्कळ गाड्यांत मागचे कोन बदलण्याची सोयच नसते, आणि वाकलेला बीम बदलणे खर्चाचे असते. तेव्हा बीम तसाच ठेवून पुढची चाके त्या वाकड्या रेषेशी जुळवली की स्टिअरिंग सरळ उभे राहते, मालकाची तक्रार संपते, आणि गाडी मात्र सबंध आयुष्य किंचित तिरकी धावत राहते. या कामात एकही भाग गाळलेला किंवा खोटा बसवलेला नाही, तरी हे काम असत्य आहे. असत्य केवळ वाणीत असते असे मानणाऱ्याला हे पटणार नाही. पण ‘गाडी ठीक आहे’ असे विधान जर सरळ उभ्या स्टिअरिंगच्या रूपाने मालकाच्या हातात दिले जात असेल, तर ते विधानच आहे, आणि ते खोटे आहे.

व्यूह परत उभा करणे म्हणजे काय, याचे उत्तर म्हणून चांगल्या मिस्त्रीचे काम बारकाईने पाहण्यासारखे आहे. वाकलेला बीम तापवून किंवा ठोकून सरळ करायचा नसतो, कारण तापवल्याने पोलादाचे बळ बदलते आणि तो पुढे कोठे दगा देईल हे सांगता येत नाही. तो बदलायचा असतो. नवा बीम बसवण्याआधी गाडीच्या अंगावरील ज्या जागी तो बसतो त्या जागांची कर्णरेषांतील अंतरे डाव्या-उजव्या बाजूंना मोजून पाहावी लागतात, कारण त्या जागाच सरकल्या असतील तर निर्दोष बीमही वाकडाच बसेल. आणि शेवटी एक गोष्ट, जी घाईत नेहमी चुकते: बुशाचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना पूर्ण आवळायचे नसतात, गाडीचे वजन चाकांवर आल्यावर, सस्पेन्शन आपल्या नेहमीच्या उंचीला बसल्यावर ते आवळायचे असतात. तसे केले नाही तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते, सतत पिळलेल्या स्थितीतच काम करते आणि लवकर फाटते. भाग तोच, बोल्ट तोच, आवळण्याचे बळही तेच. फरक फक्त समग्राचा भार भागावर असताना जोडणी झाली की नसताना, एवढाच. अवयवीला भागांहून काही वेगळे कार्य नाही असे म्हणणाऱ्या पक्षाने या बोल्टचा विचार करायला हवा.

मग बीम बदललेली गाडी तीच का? काटेकोर न्यायमतानुसार अवयवांचा संयोग हे अवयवीचे असमवायी कारण, म्हणजे ज्याच्या टिकण्यावर अवयवीचे टिकणे अवलंबून असते ते कारण, असल्याने, तो संयोग तुटताच जुना अवयवी नष्ट होतो आणि पुन्हा जोडणी झाल्यावर नवा उत्पन्न होतो. वस्त्रातील काही धागे काढले की उरते ते नवे ‘खंडपट’ असते, आणि ‘हे तेच’ ही ओळख सारखेपणावर उभी असते. हा निष्कर्ष तर्काला धरून असला तरी पचायला जड आहे, कारण मग टायर बदलतानाही गाडी मरते. जैन दर्शनाने उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता ही तिन्ही एकाच सत्तेची, म्हणजे अस्तित्वाची, लक्षणे मानून पर्याय, म्हणजे अवस्था, बदलतात व द्रव्य टिकते असे म्हटले, ते अनुभवाला अधिक जवळचे आहे. कायद्याने आपली सोय वेगळीच केली आहे: गाडीची ओळख तो 17 अक्षर-अंकांच्या चॅसिस क्रमांकात ठेवतो, आणि भारतातील वाहनविम्याच्या रूढ नियमात दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या मूल्याच्या 75 टक्क्यांपलीकडे गेला की गाडी संपूर्ण नुकसानीत काढली जाते. पण ही रेषा पैशाची आहे, तिच्यातून सत्तेविषयी काही ठरत नाही.

या संपूर्ण वादात नागसेनांचे एक दुसरे उदाहरण रथापेक्षाही अधिक उपयोगी पडते. एक माणूस दुसऱ्याचे आंबे चोरतो आणि बचाव करतो की धन्याने लावलेले आंबे वेगळे होते, आपण नेलेले वेगळे. मिलिंद हा बचाव नाकारतो, कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यांच्या आश्रयानेच झाले. स्थिर, न बदलणारे तत्त्व नाकारूनही येथे जबाबदारी सुटत नाही, उलट कार्यकारणाच्या सलगतेवर ती पक्की बसते. म्हणून गाडी विकताना ‘आता बीम नवा आहे, म्हणजे अपघात झालेली गाडी ही नव्हे’ असे म्हणणाऱ्याला बौद्ध मताचा आधार मिळत नाही. ‘गाडी तीच आहे’ म्हणणाऱ्याला तर अपघात नाकारण्याची वाट मुळातच बंद असते. दोन्ही पक्षांनी घेणाऱ्याला दुरुस्तीपूर्वीच्या आणि नंतरच्या अलाइनमेंटच्या मापांचे दोन्ही कागद द्यायला हवेत, आणि ज्या गाडीची पुढची चाके वाकड्या रेषेशी जुळवून दिली आहेत तिच्या बाबतीत निदान पहिला कागद तरी द्यावाच लागतो, कारण स्टिअरिंग सरळ करताना नव्या मालकाला दोष ओळखता येण्याची पहिली खूणच पुसली गेलेली असते, आणि उरलेली खूण त्याच्या हाताला लागेपर्यंत टायर झिजलेले असतात.