लघुउद्योगांना शासनाचे पाठबळ: खानदेशातील न्यायाचा प्रश्न

एखाद्या प्रदेशातील लहान उद्योग जागतिक बाजाराच्या स्पर्धेत अडचणीत आले, तर त्यांना सावरणे हे शासनाचे कर्तव्य ठरते की ती केवळ मेहेरबानी असते, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे. सर्वांच्या करातून आलेला पैसा एका गावच्या एका धंद्यावर खर्च करायचा, तर त्यामागचे कारण सर्वांना पटण्याजोगे असले पाहिजे. जळगावातील डाळ गिरण्या आणि प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने, तसेच धुळ्यातील यंत्रमाग यांच्या बाबतीत हा प्रश्न नेमका उभा राहतो.

असे धंदे एकाच ठिकाणी का साचतात, याचे विवेचन आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली केले. एकाच कामाचे अनेक लहान कारखाने शेजारी आले की कसब, कामगार, दुरुस्ती करणारे कारागीर आणि बाजाराची माहिती ही सर्वांची सामाईक मिळकत होते. डाळ गिरणीत हे जवळून पाहता येते. तूर चाळून तिची प्रतवारी करतात, रोलरवर घासून साल सैल करतात, तेलपाणी देऊन मुरवत ठेवतात, उन्हात किंवा ड्रायरमध्ये सुकवतात आणि मग पुन्हा घासून दाणा दुभंगतात. साल सुटावी पण डाळीचा चुरा होऊ नये, यासाठी दाणा किती मुरवायचा आणि किती सुकवायचा, याचा अंदाज हातालाच असावा लागतो. उरलेली चुनी आणि टरफल पशुखाद्याला जाते. रोलर बसवणारा, हमाल, अडत्या, पोती पुरवणारा आणि चुनी नेणारा अशा अनेकांची रोजी या साखळीवर चालते. ही साखळी कोणा एका गिरणीमालकाच्या मालकीची नसते, आणि म्हणूनच ती तुटू लागली की तिची काळजी घेणारा मालकही कोणी नसतो.

बाहेरच्या बाजाराचे धक्के खानदेशाला नवे नाहीत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला. १८६३ साली मुंबई सरकारने कापसातील भेसळ रोखण्याचा कायदा केला. मालाची प्रत सुधारणे हे चांगलेच धोरण होते, पण त्यामागे मुख्यतः लँकेशायरच्या गिरण्यांची गरज होती. धोरणाचे साधन योग्य असले तरी ते कोणासाठी वापरले जाते, हा नैतिक प्रश्न वेगळा राहतो, हे यातून दिसते.

आजचे धक्के वेगळ्या रूपात येतात. भारतात तूर म्यानमार, मोझांबिक आणि टांझानियातून येते, तर मसूर कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून. काही अपवाद वगळता डाळींची निर्यात २००६ पासून बंद होती, ती २०१७ मध्ये खुली झाली. त्याच वर्षी तुरीच्या आयातीवर मर्यादा आली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली. २०२३ मध्ये तूर आणि उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा घालण्यात आली. प्रत्येक निर्णयात शेतकरी, गिरणी आणि डाळ विकत घेणारे घर असे तीन पक्ष असतात. आयात खुली केली तर गिरणीला कच्चा माल मिळतो, पण शेतकऱ्याचा भाव पडतो. ती रोखली तर गरिबाच्या ताटातली डाळ महागते. यातला एकच पक्ष खरा आणि बाकीचे स्वार्थी, असे म्हणता येत नाही.

लघुउद्योगांविषयीच्या धोरणाची दिशाही बदलत गेली. १९६७ पासून काही वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखीव होते. पुढे ही यादी आठशेच्या वर गेली, आणि १९९१ नंतर आटत जाऊन २०१५ मध्ये संपली. महाराष्ट्राने १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजनेद्वारे मागास भागांत जाणाऱ्या उद्योगांना सवलती दिल्या. अलीकडे केंद्र आणि राज्य या दोघांच्याही समूह विकास योजनांचा भर सामूहिक सुविधा केंद्रांवर आहे. त्यात लहान उद्योजक एकत्र येऊन कंपनी काढतात, आपला वाटा घालतात, आणि तपासणीची प्रयोगशाळा किंवा एकट्याला न परवडणारी यंत्रसामग्री शासकीय अनुदानातून उभी राहते. राखीव यादी स्पर्धेपासून संरक्षण देत होती. सुविधा केंद्र स्पर्धेसाठी बळ देते.

अशा मदतीवर दोन वजनदार आक्षेप आहेत. उत्पादनाचा अंतिम हेतू उपभोक्त्याची गरज भागवणे हा आहे, असे ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये मांडले. त्या न्यायाने उत्पादकाला वाचवण्यासाठी ग्राहकाला जास्त पैसे मोजायला लावणे अयोग्य ठरते. रॉबर्ट नोझिक यांच्या विचारानुसार तर एकाची कमाई कराच्या रूपाने काढून दुसऱ्याला देणे हाच अन्याय आहे. उलट बाजूने जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये असे प्रतिपादन केले, की विषमता न्याय्य ठरायची असेल तर तिचा लाभ सर्वांत खालच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. व्यापार खुला झाल्याने देशाचे एकूण उत्पन्न वाढते, पण त्याची किंमत विशिष्ट गावांतल्या विशिष्ट माणसांना मोजावी लागते. भांडवल दुसरीकडे जाऊ शकते. मागावर वीस वर्षे काढलेल्या कामगाराला घरदार उचलून जाता येत नाही. ज्या निर्णयाचा फायदा सर्वांना मिळतो, त्याचा भार मोजक्यांच्या माथी मारणे न्याय्य नाही.

या युक्तिवादाला भारतीय चिंतनातही आधार सापडतो, आणि त्यातील काही दुवे खानदेशातच आहेत. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. स्वधर्म शोधत फिरावे लागत नाही, ज्या समाजात आपण जन्मतो त्याच्या सेवेतून तो आपोआप समोर येतो, हे त्यातील एक मुख्य सूत्र आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रह, म्हणजे समाज विस्कटू न देता धरून ठेवणारे कर्म, हे राज्यकर्त्यालाही लागू पडते. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींनी ग्रामोद्योगांचे प्रदर्शन सर्वांसमोर ठेवले. त्यांच्या स्वदेशीच्या कल्पनेत शेजाऱ्याचा माल डोळे झाकून घेणे अभिप्रेत नव्हते. शेजारच्या धंद्यात जी उणीव असेल ती दूर करण्याची जबाबदारीही तीत होती.

याच १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी जातिसंस्थेवर केलेली टीका मात्र येथे विसरता येत नाही. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे आणि ती माणसाला धंदा बदलू देत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणून धंदा टिकवणे म्हणजे मागवाल्याच्या मुलाने मागावरच बसावे, असा अर्थ होता कामा नये.

या सर्व विचारांतून न्याय्य मदतीच्या कसोट्या निघतात. मदत एका मालकाला न देता सामाईक गोष्टींना द्यावी: प्रयोगशाळा, प्रशिक्षण, रास्त दराची वीज, बाजाराची माहिती. अनुदान घेणाऱ्याने किमान वेतन, सुरक्षितता आणि मालाची शुद्धता यांची हमी द्यावी. आयात-निर्यातीचे नियम पेरणीआधी ठरावेत, म्हणजे शेतकरी आणि गिरणी दोघांनाही हिशेब मांडता येईल. मदतीला मुदत असावी. आणि ज्याला धंदा सोडायचा आहे त्याला नवे कसब शिकण्यासाठी तेवढाच आधार मिळावा. या कसोट्यांना उतरणारे पाठबळ कोणावरचे उपकार ठरत नाही. सर्वांच्या भल्यासाठी ज्यांनी झळ सोसली, त्यांचे देणे त्यातून फिटते.