मुसल्ला झालेले बेट



आफ्रिकेच्या पूर्वेस, झांजीबारमधील पेंबा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यासमोर मिसाली नावाचे चिमुकले बेट आहे. तेथील मच्छीमार बहुतांशी मुस्लिम आहेत. ते एक आख्यायिका सांगतात. हजरत खिज्र (अलै.) येथे आले आणि त्यांनी नमाजसाठी मुसल्ला मागितला. तो कोणाकडेच नव्हता. तेव्हा, किब्ल्याकडे तोंड केलेले हे बेटच आपला मुसल्ला होईल, असे ते म्हणाले. ही लोककथा आपल्या अकीद्याचा आधार नव्हे. तिच्यातील प्रश्न मात्र खरा आहे. ज्यावर सजदा करायचा, तो मुसल्ला कोणी फाडील काय?

मिसालीभोवती प्रवाळांचे खडक आहेत. त्याच्या वाळूत समुद्री कासवे अंडी घालतात. या समुद्रात काही जण स्फोटके टाकून मासे मारू लागले. अशा स्फोटात मोठ्या माशांबरोबर पिल्लेही मरतात आणि त्यांचे घर असलेला प्रवाळही फुटतो. प्रवाळांच्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे आज मोडलेले घर नातवाच्या काळातही पुरते उभे राहणार नाही.

१९९८ साली हा परिसर संरक्षित ठरला. काही भागात मासेमारी बंद झाली, उरलेला भाग स्थानिकांच्या पोटापाण्यासाठी खुला राहिला. पण रात्रीच्या समुद्रावर पहारा किती ठेवणार? म्हणून फजलुन खालिद यांच्या इस्लामी पर्यावरण संस्थेने मच्छीमारांपुढे पवित्र कुरआनची शिकवण ठेवली. सरकारी हुकमाने जे मन वळले नव्हते, ते अल्लाहपुढील जबाबदारीच्या जाणिवेने वळू लागले.

सूरह अल-अनआम (६:३८) आपल्याला शिकवते की, जमिनीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही आपल्यासारखेच समुदाय आहेत. हदीसमध्ये एका पूर्वकालीन पैगंबरांचा प्रसंग येतो. एक मुंगी चावली म्हणून त्यांनी मुंग्यांचे वारूळ जाळविले, तेव्हा अल्लाहने त्यांना विचारले की, एका मुंगीसाठी तस्बीह करणारा अख्खा समुदाय का नष्ट केला? मग एका टोपलीभर माशांसाठी प्रवाळाची वस्ती उद्ध्वस्त करणाऱ्यास काय विचारले जाईल?

मासा हलाल आहे. परंतु त्याला मिळविण्याचा प्रत्येक मार्ग हलाल होत नाही. पोटाची निकड खरी असते, तरी उद्याच्या लेकरांचा वाटा आज संपविण्याची परवानगी ती देत नाही.

आपण पेंबात राहत नाही. पण आपल्या पऱ्ह्याच्या डोहात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारे हात आपण पाहिले आहेत. कदाचित त्यांच्याकडून मासळी विकतही घेतली असेल. तेथे पहारेकरी नसतो. अल्लाह मात्र पाहत असतो. प्रेषित (स.) यांनी अवघी पृथ्वी आपल्यासाठी मशीद केली गेल्याचे सांगितले आहे. मग मिसालीच काय, आपल्या गावचा डोहही त्याच मशिदीच्या अंगणात आहे.

अल्लाह आपल्याला ही अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.